शेवग्याच्या पाल्यातलं बी

भाताचं कौतुक माझ्यासमोर कोणी करू नये. मला भात आवडत नाही असं नाही. पण भाताचा विषय निघाला की मला माझी थोरली जाऊ आठवते, तिच्यापाठोपाठ आमच्या घरातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी केलेला कारभार आठवतो, आणि मग ताटातली भाकरीसुद्धा गोड लागत नाही. इतकी वर्षं झाली. त्यातली बहुतेक माणसं मातीला मिळाली. गेलेल्यांबद्दल वाईट बोलू नये असं माझ्या सुना मला सांगतात. मी बोलणार आहे.

सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच्या आगेमागेची ही वर्षं. माझं माहेर शहरातलं. वडील गिरणीत होते, भोंग्यावर उठणारं आणि भोंग्यावर जेवणारं आमचं घर. मी मराठी चौथी झालेली. मला दिलं ते अक्कलकोटच्या वाटेवरच्या एका खेड्यात. शिवेपलीकडची माणसं कानडी बोलायची आणि अलीकडची दोन्ही बोलायची. घर खाऊनपिऊन सुखी होतं. जमीन काळी, ज्वारी चांगली यायची, तूर असायची, करडई असायची. रोजचं जेवण म्हणजे भाकरी. भात शिजायचा तो सणाला, पाहुण्याला किंवा आजाऱ्याला.

पण ओढ्याच्या वळणावर आमचा एक सखल तुकडा होता. पावसाळ्यात तिथं पाणी मुरायचं आणि ज्वारी पिवळी पडायची, म्हणून त्यात साळ पेरायची. कोकणात चिखल करून रोपं लावतात तसं आमच्याकडे नाही. आमच्याकडे साळ ज्वारीसारखीच तिफणीनं कोरड्या रानात पेरतात आणि मग मान वर करून बसतात. पाऊस वेळेवर आला तर भात, नाहीतर गुरांना वैरण.

हा तुकडा अक्काचा होता. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. तिचं माहेर आणखी दक्षिणेला, पक्कं कानडी. तिच्या मराठीलासुद्धा कानडी हेल होता. मी तिला अक्का म्हणायचे आणि ती मला तंगी, म्हणजे धाकटी बहीण. साळीचं बी तिनंच लग्नात माहेराहून आणलं होतं. माझं लग्न व्हायच्या आधीच थोरले दीर तापानं गेले. मूलबाळ नव्हतं. त्या काळी विधवेला हिस्सा मिळत नसे, पोटापुरतं काहीतरी द्यायची पद्धत होती. मामंजींनी चार माणसांसमोर सांगितलं होतं, "वढ्याकडचा तुकडा तुझा. पिकतोय तवर हितं ऱ्हा, खा. पडीक पडला की तुकडा घरात जमा, आन तू भावाकडं." भावाकडे काय होतं ते अक्कानं मला एकदा सांगितलं. तिची भावजय म्हणाली होती, गोठ्यात जागा आहे. म्हणजे साळ आली तर अक्काला घर, नाही आली तर गोठा, इतका सरळ हिशेब होता तो. घरात सगळ्यांना तो ठाऊक होता.

अक्का काही देवमाणूस नव्हती. आवाज मोठा, तोंडात कायम तंबाखू, आणि भांडायला लागली की कानडीत शिव्या द्यायची, त्या आम्हांला कळत नाहीत असं समजून. माझ्या हातची भाकरी तिनं पहिल्या दिवशी उचलून धरली आणि विचारलं, "ही खायाची का दाराला लावायची?" मला रडू आलं. संध्याकाळी तिनंच मला पीठ मळायला शिकवलं. ती परसातल्या खोपटात राहायची. घरात स्वयंपाक करायची, झाडलोट करायची, पण देव्हाऱ्याकडे आणि शुभकार्याकडे फिरकायचं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मला साळीच्या पेरणीला नेलं. आमच्या घरची रीत अशी, की पेरणीची पहिली मूठ सवाष्णीनं सोडायची, आणि घरात नवी सून असली तर तिनंच. तिफणीला वर एक लाकडी वाटी असते, तिला चाडं म्हणतात. चाड्यात मूठ सोडली की बी नळ्यांतून तासात, म्हणजे तिफणीनं ओढलेल्या रेघेत, पडतं. तिफणीला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, माझ्या ओंजळीत बी दिलं. अक्का बांधावर उभी. तुकडा तिचा, बी तिचं, पण पेरणी होईपर्यंत तिनं रानात पाऊल टाकायचं नाही. मला तेव्हाच ते खटकलं होतं. पण नवी नवरी मी, तोंडाला कुलूप.

त्या बियाला वास होता. हिरवा, उग्र, शेवग्याच्या शेंगा सोलताना हाताला लागतो तसा. मी हात हुंगला तर बांधावरून अक्कानं माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. मी हात पदराला पुसला.

त्या साली साळ उगवून बोटभर झाली आणि पावसानं ओढ दिली. आभाळ रोज भरून यायचं आणि रोज तसंच निघून जायचं. ओढ्याकाठी आणखी दोनतीन घरांची साळ होती. ती आधी पिवळी पडली, मग पांढरी, मग त्यांनी तिच्यात गुरं सोडली. आमचीही साळ वळली. दुपारी बघवत नसे, पानं सुईसारखी व्हायची. पण ऊन कललं की पुन्हा उलगडायची. पाऊस आला तेव्हा ती उभी होती, आणि एकदा पाणी मिळाल्यावर अशी सुटली की रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघत. दिवाळीच्या आधी कापणी झाली. अर्धी साळ घरात आली, अर्धी अक्काच्या खोपटात.

मग घरात कौतुक झालं. कुणाचं? माझं. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. आत्याबाईंनी माझी दृष्ट काढली. "पोरीचा हात लई चांगला हाय," त्या येईल त्याला सांगत, "हिची मूठ पडली आन साळ तगली." मला नवा खण मिळाला. शेजारपाजारच्या बाया माझा तळवा उलटासुलटा करून बघायच्या. अक्का चुलीपुढं बसून भाकऱ्या थापत होती आणि गालातल्या गालात हसत होती. मला मात्र त्या खणाची लाज वाटली, कारण तोवर मला खरं काय ते कळलं होतं.

पेरणीच्या दुसऱ्याच दिवशी मी परसात जाऊन तिला विचारलं होतं. तिच्या खोपटामागं शेवग्याचं झाड होतं, त्याला ती नुग्गी म्हणायची. त्याचा कोवळा पाला ती उखळात कुटायची, जुनेराच्या फडक्यातून पिळायची आणि तो रस भरपूर पाण्यात कालवायची. पाणी नुसतं हिरवट दिसलं पाहिजे, दाट नको. त्यात बी संध्याकाळी घालायचं आणि सकाळी उपसायचं. आणि मग खरं काम. ते बी सावलीत घोंगडीवर पसरायचं आणि हातानं सारखं खालीवर करत राहायचं, पुन्हा पहिल्यासारखं खडखडीत होईपर्यंत. मधूनमधून एक दाणा दाताखाली धरून बघायचा. कट् असा आवाज आला की झालं.

"भिजवून परत वाळवायचं? मग भिजवायचं कशाला?" मी विचारलं.

"जागं करायचं आन परत निजवायचं," अक्का म्हणाली. "एकदा जागं झालेलं बी रानात गेलं की लवकर उठतंय. पर डोळा फुटला न्हाय पायजे. डोळा फुटल्यावर वाळवलं की मेलं."

हे तिला कुणी शिकवलं तर तिच्या अव्वानं, म्हणजे आईनं. आई करायची म्हणून ती करायची. सगळंच काही तिला बरोबर माहीत होतं असं नाही. एका वर्षी तिनं रुईचा चीक लावून बघितला होता, त्यानं मूठभर बी जळून गेलं. एकदा कोरफडीचा गर लावला तर दाणे एकमेकांना असे चिकटले की चाड्यातून खाली पडेनात. हे सांगताना ती पोट धरून हसायची. साळ टिकते ती शेवग्याच्या पाल्यानं, की नुसतं भिजवून वाळवण्यानं, हे मला आजही सांगता येणार नाही. टिकते एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

खण मिळाला त्या संध्याकाळी मी पुन्हा तिच्याकडे गेले. "मग सांगत का नाही घरात? कौतुक माझं चाललंय."

"माझा हात लागलेलं बी पेरतील व्हय ही माणसं?" ती म्हणाली. "तुझी मूठ, माझा पाला. चालू दे की. मला साळ पायजे, कौतुक नगं."

ते मला पटलं नव्हतं. पण तिचं घर त्या साळीवर उभं होतं, माझं नव्हतं. मी गप्प राहिले.

पुढच्या वर्षी पेरणी उद्यावर आली असताना आत्याबाई परसात गेल्या. एक कोंबडी कुठंतरी चोरून अंडी घालत होती, ती शोधायला. खोपटाच्या सावलीला घोंगडी पसरलेली, तिच्यावर साळ, आणि अक्का दोन्ही हातांनी ती खालीवर करतेय. आत्याबाई जागच्या जागी थांबल्या. मी विहिरीवरून घागर घेऊन येत होते, मी त्यांचं तोंड पाहिलं. साप दिसल्यावर माणूस जसं पाय उचलतं तशा त्या मागं सरल्या.

"रांडावाच्या हातचं बी?" त्या म्हणाल्या. "माझ्या लेकराची मूठ ह्याच्यात घालायची?"

लेकरू म्हणजे मी. मला दिवस गेले होते.

अक्का उभी राहिली. तिनं सांगायचा प्रयत्न केला की मागच्या सालीही असंच केलं होतं, त्याच्या आधीही केलं होतं. हे ऐकल्यावर कुठलाही माणूस जरा विचारात पडला असता. आत्याबाईंनी त्याचा अर्थ असा काढला, की ही बाई आपल्याला वर्षानुवर्षं फसवत आली आणि आपण सुनेच्या चांगल्या हातामुळं थोडक्यात वाचलो. त्या ओरडल्या असत्या, भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे घोंगडीची चारी टोकं धरली, बी उचललं आणि घरात नेलं.

आणि बी शुद्ध केलं. हो, शुद्ध केलं! ते वाळत आलं होतं, आणखी एक दुपार मिळाली असती तर दाताखाली कट् वाजलं असतं. ते बी त्यांनी गोमूत्र आणि हळद घातलेल्या पाण्यात बुडवलं, मग विहिरीच्या पाण्यानं पुन्हापुन्हा धुतलं, आणि ओल्या फडक्यात गच्च बांधून ते गाठोडं देव्हाऱ्यासमोर ठेवलं. रात्रभर देवाच्या पायाशी राहिलं की विटाळ जातो. मटकीला मोड आणायचे तर कोणतीही बाई काय करते? भिजवते, फडक्यात बांधते आणि ठेवून देते. आत्याबाईंनी आयुष्यभर दर श्रावणात तेच केलं होतं. पण हे बी होतं आणि तो देव होता, त्यामुळं ते डोक्यात आलं नाही.

सकाळी गाठोडं सोडलं तर दाण्यांना पांढरे डोळे फुटलेले. आत्याबाईंना आनंद झाला. देवानं कौल दिला म्हणाल्या. आणि ते बी माळवदावर, रणरणत्या उन्हात वाळत घातलं.

अक्का जिन्याच्या पायथ्याशी आली. वर जायची तिला मुभा नव्हती. खालूनच तिनं हात जोडले. मी तिला कुणापुढं हात जोडताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

"आत्याबाई, डोळा फुटलाय. आता वाळलं की मरतंय ते. हे ऱ्हाऊ द्या. माझ्याकडं दुसरं बी उरलं न्हाय. घरात खायाच्या साळीचं मडकं हाय, त्यातली पेरा. न भिजवता पेरा, मी हात लावत न्हाय. लांब उभी ऱ्हाते."

"देवाचं पाणी लागलेलं बी टाकून देऊ व्हय?" वरून आवाज आला. "आन खायाची साळ सणाची हाय."

मी मामंजींकडे गेले. ओसरीवर बसून ते बैलाची वेसण वळत होते. डोक्यावरचा पदर पुढं ओढून मी सांगितलं की बी खराब होतंय. त्यांनी मान वर केली नाही. "बायकांचं काम हाय, बायकांनी बघावं." नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आईला सांग." तुकडा काढून घेताना हे बायकांचं काम नव्हतं, हे पुढं दिसलंच. पण बी मरत होतं तेव्हा साऱ्या पुरुषांनी हात झटकले.

संध्याकाळी पेरणी. पुन्हा हळदकुंकू, पुन्हा नारळ. माझ्या ओंजळीत बी आलं आणि मी पाहिलं. फुटलेले डोळे उन्हानं करपून काळपट झाले होते. मी हात जरा हलवला तर ते मोडून भुसा झाला आणि तळव्याला चिकटला. शेवग्याचा वास गेला होता, हळदीचा येत होता. मी मोठ्यानं म्हणाले, "आत्याबाई, हे मेलंय. बघा तरी." बैल थांबले. तिफण धरून नवरा उभा होता, तो दुसरीकडे बघायला लागला.

"तू मूठ सोड," आत्याबाई म्हणाल्या. "तुझा हात चांगला हाय."

माझा हात चांगला! तो हात तेव्हाच कुऱ्हाडीखाली ठेवावा असं मला वाटलं. मी मूठ सोडली. नसती सोडली तर दुसऱ्या कुणीतरी सोडली असती, आणि माझ्या अंगावरून हात फिरवत आत्याबाई म्हणाल्या असत्या की दिवस गेलेल्या बाईला असं होतंच. बांधावर अक्का खाली बसली होती. तिनं पेरणी पाहिलीच नाही, मातीकडे बघत राहिली.

थोडीफार साळ उगवली. इकडे एक काडी, तिकडे एक काडी, म्हाताऱ्याच्या हनुवटीवरच्या दाढीसारखी. त्याही साली पावसानं दडी मारली. जे उगवलं होतं ते एका आठवड्यात गेलं. तुकडा उघडा पडला.

अक्का रोज सकाळी तिथं जाऊन यायची. मला वाटतं तिला आशा नव्हती, पण घरात बसवत नसेल. परत आली की मुकाट्यानं भाकऱ्या थापायची. आता कुणाला शिव्याही देत नव्हती. ते मला सगळ्यांत वाईट वाटायचं.

एके दिवशी मामंजींनी तिला ओसरीवर बोलावलं. आत्याबाई दाराच्या चौकटीला टेकून बसल्या होत्या, नवरा खांबाला टेकून उभा. मी आत होते, पण बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"तुकडा पडीक पडला," मामंजी म्हणाले. "भावाला सांगावा धाडलाय. येईल गाडी घिऊन."

"बी मी न्हाय मारलं," अक्का म्हणाली.

"तुझा हात लागला हुता त्याला," आत्याबाई म्हणाल्या. "आमी धुतलं, देवाफुडं ठिवलं, तरी ग्येला न्हाई तुझा हात त्याच्यातनं."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी बाहेर आले. सासऱ्यासमोर सून उभी राहून बोलत नाही, बोललीच तर दाराआडून. मी समोर उभी राहिले. म्हणाले, "मागच्या वर्षी साळ आली तेव्हा माझी मूठ होती म्हणालात. या वर्षीही मूठ माझीच होती. मग या वर्षी हात तिचा कसा झाला? आली तर माझ्यामुळं आणि गेली तर तिच्यामुळं, हा कुठला न्याय? बी तुम्ही धुतलंत. तुम्ही ते फडक्यात बांधून मोड आणलेत आणि उन्हात टाकून मारलंत. सांगा ना तसं!"

नवरा अजून खांबाला टेकूनच होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. एक शब्द त्यानं बोलायला हवा होता. मूग गिळून उभा राहिला. त्याच्याशी मी पुढं सगळा संसार केला, मुलं वाढवली, त्याच्या म्हातारपणी त्याचे पाय चेपले. पण त्या दिवशी तो माझ्या मनातून जो उतरला तो उतरलाच.

मग मामंजी म्हणाले, "सुनबाई, आत जा. दोन जिवाच्या हाय तुमी, तरास करून घिऊ नका."

त्यांचा आवाज मायेचा होता. तीच तर गंमत आहे. माझ्याशी ती माणसं शेवटपर्यंत मायेनं वागली. माझ्या बाळंतपणात आत्याबाई माझ्या उशाशी बसून राहिल्या, मला वाटीवाटीनं पेज पाजली. तोच हात, तीच बाई. म्हणूनच मला त्यांना माफ करता येत नाही. त्यांना माया करता येत होती, पण ती कुणावर करायची हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

अक्कानं मला हातानं खूण केली, गप. "तंगी, आत जा," ती म्हणाली. मग आत्याबाईंकडे वळून म्हणाली, "जाते मी. फकस्त एकदा म्हणा, धुतलं म्हणून ग्येलं. आणखी काय मागत न्हाय."

आत्याबाई म्हणाल्या, "देवाच्या पाण्यानं कदी काय बिघडतंय व्हय?"

भाऊ गाडी घेऊन आला तो पाणी प्यायलाही थांबला नाही. अक्काचं सामान एक गाठोडं, एक उखळ आणि बियाचं रिकामं मडकं. ते मडकं घरचं म्हणून आत्याबाईंनी मागितलं. तेव्हा मात्र अक्काचा जुना आवाज निघाला. तिनं कानडीत जे काही म्हटलं ते अख्ख्या आळीनं ऐकलं, आणि मडकं मांडीवर घेऊन ती गाडीत बसली. मला फार बरं वाटलं. पण मी नुसती दारात उभी राहिले. अडवायला काही माझ्या हातात नव्हतं.

त्या वर्षी मला मुलगी झाली. अक्काच्या खोपटात सरपण भरलं. तुकडा घरात जमा झाला आणि त्यात ज्वारी घालून बघितली, ती पिवळी पडली. भावाकडून तिची काही बातमी यायची ती बाजारकरी माणसांकडून. गोठ्यातच राहते, शेण काढते, बरी आहे. बरी आहे म्हणजे काय ते सांगणाऱ्याला माहीत नव्हतं, विचारणाऱ्याला माहीत करून घ्यायचं नव्हतं.

पुन्हा पेरणीचे दिवस आले. मुलीला पाळण्यात घालून मी पाळण्याची दोरी ओढत बसले होते. आत्याबाई आल्या. त्यांच्या काखेत घरातल्या साळीचं मडकं होतं, मागच्या सणांतून उरलेली साळ होती त्यात थोडी. त्यांनी मडकं माझ्यापुढं ठेवलं, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "ती काय करत हुती त्या पाल्याचं, तुला ठावं असंल की."

मला आधी कळेचना.

"शेवग्याचा पाला गं," त्या म्हणाल्या. "त्यानंच तगत हुती साळ. मला कळत न्हाय व्हय? तुझा हात बी चांगला, आन पाला बी चांगला. तूच भिजव आता. ती भिजवायची तसं. सवाष्णीनं भिजवलं तर कसलाच दोष न्हाय."

म्हणजे त्यांना कळत होतं! कधीपासून, ते मी विचारलं नाही. ओसरीवर बसून तिच्या हाताला दोष देत होत्या तेव्हाही कळत असेल, नाहीतर नंतर त्या उघड्या तुकड्याकडे बघून कळलं असेल. कळलं आणि गाडी जोडून तिला आणायला कुणी गेलं नाही. पाला हवा होता, बाई नको होती.

पाळण्याची दोरी मी सोडून दिली.

"येतं मला," मी म्हणाले. "पाला किती घ्यायचा, पाणी किती घालायचं, कधी उपसायचं, कधी थांबायचं, सगळं येतं. तिला आणा. ती या अंगणात उतरली की मी त्याच दिवशी भिजवते."

आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना राग आला असता तर मला समजलं असतं. त्या विचार करत होत्या. खरंच विचार करत होत्या, कपाळाला आठ्या घालून, साळ एका बाजूला आणि अक्का एका बाजूला ठेवून. मग त्यांनी मडकं उचललं आणि आत गेल्या.

त्या साली साळ पेरलीच नाही. नागपंचमीला आत्याबाईंनी ते बी उखळात सडलं, पाखडलं आणि शिजवलं. बियाचा भात. घरात तेवढंच बी उरलं होतं, त्यानंतर आमच्याकडे साळ झाली नाही. सगळे पंगतीला बसले. मामंजी जेवले, नवरा जेवला, भात मऊ झालाय म्हणाला. आत्याबाई माझ्यासाठी मूद घेऊन आल्या, वर तूप सोडलं आणि म्हणाल्या, "खा गं, अंगावर दूध हाय तुझ्या."

मी ताट सरकवून उठले. अक्का तेव्हा जिवंत होती. बैलगाडीनं सकाळी निघालं असतं तर दिवेलागणीच्या आत ती घरी आली असती.